नावातला ळ

जगातला सगळ्यात अवघड र मी मस्कतमध्ये, अझैब्यातल्या एका शाळेच्या कँटीनमध्ये शिकले. समोर एका चेक मुलाची आई बसली होती. तिच्या आडनावात असा र होता, ज्याच्या डोक्यावर छोटंसं उलटं छत्र असतं. ती म्हणाली, र म्हणायला लाग आणि जीभ थरथरत असतानाच झ म्हण. आधी र आणि मग झ असं नाही, दोन्ही एकदम. मी म्हटलं. शेजारच्या टेबलावरचे शिक्षक वळून बघायला लागले. चेक बाईंनी नाही म्हणून मान हलवली. मी परत म्हटलं. त्यांच्या देशातही मुलांना हा र सगळ्यात शेवटी जमतो, काहींना तर त्यासाठी शिकवणी लावतात, असं त्यांनी मला समजावलं. मग मी घरी भांडी आवरताना, सिग्नलला गाडी थांबली की, कपडे वाळत घालताना तो र घासत बसले. आठवड्याने बाईंना पुन्हा ऐकवला, तेव्हा त्यांनी टेबलावरून माझा हात धरला.

हा उद्योग कशासाठी, तर दर जूनमध्ये शाळा सोडून जाणाऱ्या मुलांची नावं स्टेजवरून वाचायला. मी त्या शाळेच्या ऑफिसात प्रवेशाचं काम बघते. शाळा युरोपातल्या लोकांची, म्हणजे तेल कंपन्यांत, बंदरात, वकिलातींत नोकरीला आलेल्यांच्या मुलांची. पुण्यात असताना मी जर्मन शिकले होते. आमच्या वर्गातल्या निम्म्या मुली शिकत होत्या, म्हणून मीही गेले. तेवढ्या भांडवलावर आधीच्या मुख्याध्यापिकाबाईंनी नावं वाचायचं काम माझ्या गळ्यात घातलं आणि मी ते अनेक वर्षं केलं. अगदी मनापासून केलं.

माझी एक पद्धत होती. कागदावरून नाव वाचायचं नाही. मुलाच्या आईला बोलवायचं, चहा द्यायचा आणि तिला नाव घ्यायला लावायचं. ती घेत असताना तिच्या तोंडाकडे बघायचं. ओठ गोल होतात का, जीभ कुठे टेकते, श्वास कुठून जातो. कागद फसवतो. पोलिश लोकांचा एल असतो, त्याच्या अंगावर काट मारलेली असते आणि उच्चार असतो व. आइसलँडच्या लोकांकडे पी-सारखं दिसणारं एक अक्षर आहे, ते म्हणायचं तर जीभ दातांत धरून फुंकर घालायची. डेन्मार्कच्या एका बाईंचं नाव घेताना असं वाटायचं की तोंडात गरम बटाटेवड्याचा घास आहे आणि तो गिळताही येत नाही, टाकताही येत नाही. वेल्सहून आलेल्या एका आजोबांनी मला दोन एल जोडीने आले की काय करायचं ते शिकवलं. जीभ ल-साठी टेकवून ठेवायची आणि गालाच्या बाजूने वारा सोडायचा. माल्टाच्या मुलीच्या नावातला ह तर मला गेटवरच्या ओमानी वॉचमनने शिकवला, कारण तो ह त्यांच्या अरबीतलाच निघाला.

काही गोष्टी मला आयत्याच मिळाल्या होत्या. पोलिश, चेक आणि हंगेरियन लोक सी लिहितात आणि म्हणतात आपल्या चहातला च. जर्मन झेडही तोच. बाकीच्या शिक्षकांची त्यावर त्रेधा उडायची आणि मी मात्र आरामात. चिवड्यातला च वेगळा आणि चहातला च वेगळा, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. एका नॉर्वेजियन बापाच्या आडनावात त्याच्या आजोबांच्या शेताचं नाव होतं आणि त्यात जीभ मागे वळवून झटकायचा असा एक जाडा ल होता. शहरातली माणसं त्याला गावंढळ म्हणतात, असं तो थोडं लाजून म्हणाला. मी तो पहिल्या फटक्यात म्हटला. हा आमच्या ळचा मावसभाऊ आहे, असं मी त्याला सांगितलं. त्याने ळ म्हणायचा प्रयत्न केला आणि आम्ही दोघंही खूप हसलो.

आता ळचं सांगायचं तर माझ्या आडनावातही तो आहे. शाळेत मी पहिल्या दिवसापासून मिसेस के. कुणाला जमत नाही म्हणून के. छत्रवाला र जमवायला मी आठवडाभर जीभ झिजवली आणि माझा ळ कुणी एकदा मागूनही बघितला नाही. ते मी सोडून दिलं होतं. सोडून दिलेल्या गोष्टींची आपल्याला इतकी सवय होते की त्या आठवल्या की राग येतो, हेही कळत नाही.

गेल्या वर्षी नवे मुख्याध्यापक आले. इंग्रज गृहस्थ, वयाने माझ्यापेक्षा लहान, बोलायला गोड. त्यांनी आल्याआल्या जाहीर केलं की यंदापासून नावं कॉम्प्युटरचा आवाज वाचणार. त्यात युरोपातल्या झाडून सगळ्या भाषा होत्या. पालकांना एक लिंक पाठवली, तिच्यावर आपल्या आवाजात नाव रेकॉर्ड करून टाकायचं, की मशीन ते तसंच्या तसं म्हणणार. त्या नॉर्वेजियन बापाने आजोबांचा जाडा ल टाकला, मशीनने तो हुबेहूब उचलला. मी ऐकला आणि खरं सांगते, मला मत्सर वाटला. माझं काम गेलं त्याचं वाईट वाटलं, पण तक्रार करायला जागा नव्हती. मशीनने सगळ्यांचीच नावं अशी घेतली असती तर मी गप्प बसले असते.

पण त्याच समारंभात आमच्या बसच्या भाईंचाही सत्कार होणार होता.

भाई म्हणजे शाळेचे सगळ्यात जुने ड्रायव्हर. रायगडच्या किनाऱ्यावरचे, कोकणी मुसलमान. शाळा दोन खोल्यांची होती तेव्हापासून बस चालवत होते आणि आता निवृत्त होऊन गावी निघाले होते. मुलं त्यांना अंकल म्हणायची, शिक्षक बसच्या नंबराने ओळखायचे, मुख्याध्यापक ‘माय फ्रेंड’ म्हणायचे आणि आम्ही ऑफिसातले भाई. त्यांच्या आडनावात चहातला च होता, मधोमध ळ होता, शेवटी कर होता. असं आडनाव कोकणात प्रत्येक एसटी स्टँडवर ऐकायला मिळतं. पण मशीनच्या त्या लिंकवर ते गेलेलं नव्हतं. लिंक फक्त पालकांना पाठवली होती. कर्मचाऱ्यांची नावं मशीन आपल्या मनाने इंग्रजीत वाचणार होतं.

मी मुख्याध्यापकांकडे गेले. म्हटलं, भाईंचं नाव मी वाचते, किंवा माझ्या आवाजात रेकॉर्ड करून घ्या. ते हसले आणि म्हणाले, ‘मी त्यांना स्वतः विचारलं, मिसेस के. ते म्हणाले, कसंही म्हणा.’

मला ते खरंच वाटेना. मी थेट बसपाशी गेले. भाई काच पुसत होते. मी विचारलं, ‘भाई, तुम्ही सरांना असं सांगितलंत?’

‘हा ना. काय फरक पडतोय मॅडम? समजल्याशी कारण.’

‘मला सांगा बरं तुमचं नाव. तुम्ही घ्या. मी ऐकते.’

त्यांनी नाव घेतलं. मी ऐकलं आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. ते स्वतःच ळचा ल करत होते. चहातल्या चचा चिवड्यातला च करत होते. समोरच्याला जड जाऊ नये म्हणून इतकी वर्षं नाव सोपं करून सांगता सांगता त्यांच्या तोंडात तेच बसलं होतं. हा कोकणी माणसाचा चांगुलपणा. घरी आलेल्या पाहुण्याला पाट देऊन आपण जमिनीवर बसायचं, तसं यांनी नावाच्या बाबतीतही केलं होतं. मला त्या चांगुलपणाचाही संताप आला. आणि जो माणूस त्या चांगुलपणाचा इतका सोयीस्कर अर्थ लावतो, त्याचा जास्त आला. चेक बाईंनी ‘कसंही म्हणा’ म्हटलं असतं तर शाळेने तसं चालवून घेतलं असतं का?

घरी आमच्या लेकीला सांगितलं. ती इथल्या इंडियन शाळेत शिकते आणि शाळेला शाला म्हणते. ती म्हणाली, ‘आई, इट्स जस्ट अ नेम. ते अंकलच ओके आहेत ना?’ मी कणीक मळायला घेतली. बोलले असते तर भांडणच झालं असतं.

मग मी गावातल्या जुन्या वस्तीत, रुवीला गेले. भाईंची बायको त्यांना न्यायला म्हणून व्हिजिट व्हिसावर आली होती. आयुष्यात पहिल्यांदा मस्कतला. भाईंचा पगार कधी कुटुंब आणण्याच्या सरकारी मर्यादेपर्यंत पोचलाच नव्हता. ते नवरा-बायको गावी पैसे पाठवायच्या एक्स्चेंजच्या मागच्या गल्लीत दुसऱ्या एका ड्रायव्हरच्या घरी, एका खोलीत राहत होते. मी गेले तेव्हा भाई कामावर होते. भाभींनी मला घावने खायला लावले, चहा दिला. मी माझं येणं सांगितलं. म्हटलं, समारंभात भाईंचं नाव नीट घेतलं जावं म्हणून माझी धडपड चालली आहे, तेव्हा तुम्ही एकदा ते घ्या, तुमच्याकडे गावाला म्हणतात अगदी तसं.

भाभी हसल्या आणि त्यांनी डोक्यावरची ओढणी पुढे ओढली. ‘नाय गो बाय. मी कशी घेईन? माज्या तोंडात त्यांचा नाव कवा आलाच नाय.’

आमच्यात नवऱ्याचं नाव घेत नाहीत, घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं, असं त्यांनी सांगितलं. माझ्या आजीनेही कधी घेतलं नव्हतं. आपल्याकडे निदान उखाण्यात तरी घेतात, त्यांच्याकडे तेही नव्हतं. मग मी उलटं सुरू केलं. मी नाव घ्यायचं आणि भाभींनी मान हलवायची. पहिल्यांदा मी पहिल्या नावातलं अरबी अक्षर घशातून काढलं, इथल्या लोकांसारखं. भाभींनी जोरात नकार दिला. ‘अरबांसारखा नको. आमच्यासारखा.’ मग मी मधला स्वर खाल्ला. मान अर्धी हलली. मग आडनाव. ळ लागला, च लागला, पण गावाच्या नावातलं एक अक्षर मी पुणेरी लांबवलं होतं, ते त्यांनी बोटाने हवेत तोडून दाखवलं. चार-पाच वेळा झाल्यावर त्यांची मान एकदम थांबली. नाव अगदी त्यांच्या घरातलं लागलं होतं.

‘सासू असायची तेव्हा हाका मारायची,’ त्या म्हणाल्या. ‘ती गेली, तवापासून कोणी घेतलाच नाय. गावात सगळी मस्कतवाले म्हणतात. हितं काय म्हणतात?’

मी म्हटलं, ‘भाई.’ अंकल आणि बसचा नंबर मी सांगितला नाही.

‘मी घेऊ शकत नाय, म्हणून ऐकायला येतेय बघ,’ त्या म्हणाल्या. ‘स्टेजवरून मोठ्याने घेतील ना?’

मी म्हटलं, ‘हो, घेतील.’

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा मुख्याध्यापकांकडे गेले. या वेळी भाभींचं सांगितलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, खूप हृद्य आहे म्हणाले आणि बघतो म्हणाले. ऑफिसातल्या ओमानी सहकाऱ्याने मला बाहेर सांगितलं, ‘खलास, कार्यक्रम मशीनमध्ये भरून झाला, आता कोण हात लावणार?’ तरी मला वाटलं, बघतो म्हणालेत तर बघतील. एवढा भाबडेपणा अजून माझ्यात शिल्लक होता.

समारंभाला भाभी नवीन कपडे घालून आल्या. मी त्यांना माझ्या शेजारी बसवलं, बाजूला, तिसऱ्या रांगेत. ड्रायव्हर आणि सफाईच्या बायका अगदी मागे, दाराजवळ. भाई त्यांच्यात. मुलांची नावं सुरू झाली. काय सांगू, एकही चुकलं नाही. छत्रवाला र आला, काट मारलेला एल आला, दातांतली फुंकर आली, आजोबांचा जाडा ल आला आणि दर वेळी कुठल्यातरी रांगेतून एखाद्या आईबापाचा खूश झालेला आवाज आला. भाभी प्रत्येकाला टाळ्या वाजवत होत्या. मला विचारत होत्या, ‘हा कुठला? हा कुठला?’ मी देश सांगत होते.

मग मशीनमधली इंग्रज बाई म्हणाली की आता आपल्या एका विश्वासू सहकाऱ्याचा सन्मान. आणि तिने नाव घेतलं. पहिल्या नावाचे भलत्याच ठिकाणी दोन तुकडे केले. वडिलांचं नाव गाळलं. आडनावातला च चिवड्याचा झाला, ळचा ल झाला, गावाचं नाव ओळखू येईना आणि शेवटच्या करचं तिने कार केलं, इंग्रजांची मोटारगाडी असते ती. नाव घेऊन झालं असं कळायलाच मला एक क्षण लागला.

भाई मात्र लगेच उठले. एका हाकेत. मागच्या रांगेतून हसत हसत पुढे आले, स्टेजवर चढले, मुख्याध्यापकांशी हात मिळवला. सगळ्या मुलांनी उभं राहून ‘अंकल, अंकल’ करत टाळ्या वाजवल्या. मुलांचं प्रेम खरं होतं, त्यात मी खोट काढणार नाही. भाईंना काचेचं स्मृतिचिन्ह मिळालं. ते घेऊन ते आपल्या जागेवर जाऊन बसले.

भाभींनी माझ्या हाताला हात लावला. ‘आता नाव कवा घेणार?’ त्यांनी विचारलं.

मी त्यांना काय सांगायचं? की घेतलं? की ते जे तुम्ही ऐकलंत, ते तुमच्या नवऱ्याचं नाव होतं, जे ऐकायला तुम्ही नवीन कपडे घालून आलात? त्यांना ते त्याचं वाटलंच नव्हतं. त्यांना वाटलं, आधी स्मृतिचिन्ह देतात, मग नाव घेतात. त्या पाठ ताठ ठेवून स्टेजकडे बघत थांबल्या होत्या. आणि स्टेजवर मुख्याध्यापक आभाराचं भाषण करायला उभे राहिले होते. ‘प्रत्येक मुलाचं नाव त्याच्या आईच्या जिभेवर असतं तसं आम्ही घेतलं,’ असं ते अभिमानाने सांगत होते.

मी उठले. माणसांच्या गुडघ्यांतून वाट काढत स्टेजच्या पायऱ्यांपाशी गेले आणि वर चढले. मुख्याध्यापक बोलता बोलता थांबले. त्यांना वाटलं, काहीतरी निरोप आहे. मी म्हटलं, ‘सर, एक नाव राहिलंय.’ त्यांनी हातातल्या कागदाकडे पाहिलं आणि ‘कुणीच राहिलेलं नाही, मिसेस के,’ असं हळूच म्हणाले. मी माईक माझ्याकडे वळवून घेतला. पुढे काय व्हायचं ते होवो, असं मला वाटत होतं. ते पुढे झालंही, पण ते सांगण्यासारखं नाही.

मी नाव घेतलं. अरबांसारखं नाही, त्यांच्यासारखं. पहिलं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव. चहातला च, आणि ळ असा की जीभ टाळूला वळून लागली पाहिजे. हॉलच्या मागच्या भिंतीपर्यंत गेलं.

हे नाव कुणाचं ते पाहुण्यांना कळेना, मुलांना कळेना. तिसऱ्या रांगेत भाभी दोन्ही हातांनी ओढणी तोंडाशी धरून बसल्या होत्या. मी दाराजवळ पाहिलं. भाई उजवीकडे बघत होते, मग डावीकडे बघितलं. कुणाला बोलावलं, कोण उठतंय, असं. शेजारचा ड्रायव्हर उठत नाही म्हटल्यावर त्यांनी स्मृतिचिन्ह मांडीवर नीट ठेवलं आणि जो कोण असेल त्याच्यासाठी टाळ्या वाजवायला सुरुवात केली.

तेव्हा भाभी उभ्या राहिल्या आणि वळून, सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या, ‘अवो, टाळ्या काय वाजवता! तुमालाच बोलवतात!’